कार्ल कोलर : डोळ्यात पडलेला थेंब आणि हृदयाचे ठोके

दात काढण्यापूर्वी हिरडीत इंजेक्शन दिले की थोड्याच वेळात ओठ जड होतो आणि रुग्ण जागा असूनही त्याला दुखत नाही. या सोयीची सुरुवात झाली व्हिएन्नातल्या एका तरुण डॉक्टरपासून. त्यांचे नाव कार्ल कोलर. त्यांचा जन्म ३ डिसेंबर १८५७ रोजी आजच्या चेक प्रजासत्ताकातील सुशित्से गावी झाला.

कोलर यांना नेत्रशल्यविशारद व्हायचे होते. त्या काळी ईथरची भूल देऊन डोळ्याची शस्त्रक्रिया केली, तर शुद्धीवर येताना रुग्णाला उलट्या होत आणि त्या ताणाने जखम उघडण्याची भीती असे. म्हणून अनेकांचा मोतीबिंदू भूल न देताच काढला जाई. केवळ डोळा बधिर करणारे औषध कोलर शोधत होते. त्यांचे सहकारी सिग्मंड फ्रॉइड तेव्हा कोकेनचा अभ्यास करत होते. कोकेनने जीभ बधिर होते हे अनेकांनी पाहिले होते. पण त्यातून डोळ्याचा विचार सुचला तो कोलर यांना. १८८४ मध्ये त्यांनी बेडूक, ससा आणि कुत्रा यांच्या डोळ्यांत कोकेनचे थेंब टाकून पाहिले, मग स्वतःच्याही डोळ्यात टाकले. टाचणीने स्पर्श केला तरी वेदना नव्हती! १५ सप्टेंबरला हायडेलबर्गच्या नेत्रवैद्यांच्या परिषदेत हा शोध जाहीर झाला. प्रवासाला पैसे नसल्याने कोलर यांचा निबंध दुसऱ्या डॉक्टरने वाचला.

काही महिन्यांतच शल्यचिकित्सक आणि दंतवैद्य कोकेन टोचू लागले, आणि इथेच धोका सुरू झाला. थेंबाचा परिणाम मुख्यतः डोळ्यापुरता राहतो; टोचलेले औषध रक्तात मिसळते. काही रुग्णांना झटके आले, काही दगावले. मज्जातंतूंमधून वेदनेचा संदेश जातो तो सोडियमच्या सूक्ष्म दारांतून. ती दारे बंद करणे हेच या औषधांचे काम. पण हृदयाचे ठोकेही अशाच दारांवर चालतात. औषध जास्त प्रमाणात रक्तात गेले तर ठोके मंदावतात, बिघडतात, कधी थांबतात. कोकेन त्यात भर म्हणून हृदयाच्या रक्तवाहिन्याही आकसवते.

कोलर यांच्या वाट्याला व्हिएन्नात स्थैर्य आले नाही. जानेवारी १८८५ मध्ये ते ज्यू असल्यावरून एका सहकारी डॉक्टरने त्यांचा अपमान केला. प्रकरण तलवारीच्या द्वंद्वापर्यंत गेले. हवी ती नेमणूक मिळाली नाही. नेदरलँड्समार्गे ते १८८८ मध्ये न्यूयॉर्कला गेले आणि तिथे नामवंत नेत्रतज्ज्ञ झाले. २१ मार्च १९४४ रोजी त्यांचे निधन झाले.

त्याच्या आदल्याच वर्षी स्वीडनमध्ये लिग्नोकेन तयार झाले होते. ते कोकेनपेक्षा पुष्कळ सुरक्षित. मोजक्या मात्रेत तर हृदयाचे बिघडलेले ठोके सुधारण्यासाठीही वापरले जाते. पुढे आलेले बुपिव्हाकेन जास्त वेळ टिकते, पण ते हृदयातील दारांना चिकटून बसते आणि लवकर सुटत नाही. त्यामुळे थांबलेले हृदय पुन्हा सुरू करणे कठीण जाते, हे १९७९ मध्ये ठळकपणे पुढे आले. १९९८ मध्ये उंदरांवरील प्रयोगात शिरेतून दिलेल्या स्निग्ध द्रावणाचा उपयोग दिसला, आणि २००६ पासून त्याने रुग्णही वाचू लागले.

म्हणूनच डॉक्टर वजन पाहून मात्रा ठरवतात, टोचण्यापूर्वी सिरिंज मागे ओढून सुई रक्तवाहिनीत तर नाही ना हे पाहतात आणि औषध हळूहळू देतात. आपणही हृदयविकार, चालू औषधे आणि पूर्वी झालेला त्रास आधी सांगावा. इंजेक्शननंतर तोंडाभोवती मुंग्या, जिभेवर धातूसारखी चव, कानात आवाज किंवा छातीत धडधड जाणवली, तर संकोच न करता लगेच बोलावे. जागे राहून शस्त्रक्रिया करून घेण्याचा हाही एक मोठा फायदा आहे.