यूसुफ मेहेरअली : तुरुंगातून महापौरपदाकडे

पद ही अमानत आहे, असे आपण वारंवार ऐकतो. ही अमानत एका मुंबईकराने कशी सांभाळली, ते त्यांच्या जीवनातून पाहू या.

यूसुफ मेहेरअली यांचा जन्म 23 सप्टेंबर 1903 रोजी मुंबईतील एका सधन मुस्लिम व्यापारी घराण्यात झाला. एल्फिन्स्टन महाविद्यालयातून पदवी घेऊन ते कायद्याची परीक्षाही उत्तीर्ण झाले. मात्र त्यांच्या राजकीय कार्यामुळे त्यांना वकिलीची सनद नाकारण्यात आली. घरची सुबत्ता त्यांना सुखाने जगू देण्यास पुरेशी होती. तरीही त्यांनी देशसेवेची वाट सोडली नाही.

1928 साली त्यांनी मुंबईत तरुणांची संघटना उभारली. त्याच वर्षी 3 फेब्रुवारीला सायमन आयोग मुंबईच्या धक्क्यावर उतरला, तेव्हा पोलिसांचा पहारा चुकवून ते आणि त्यांचे साथी हमालांच्या वेशात तेथे पोहोचले. आयोगाला परत धाडण्याची जी घोषणा पुढे देशभर दुमदुमली, तिचे जनकत्व त्यांनाच दिले जाते. लाठ्या बसल्या, पण आवाज थांबला नाही. मिठाच्या सत्याग्रहापासून पुढे तुरुंग हे जणू त्यांचे दुसरे घरच झाले. 1934 साली काँग्रेस समाजवादी पक्षाच्या स्थापनेतही ते अग्रभागी होते.

वाचकहो, पुढचा प्रसंग विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे. 1942 साली मुंबईच्या महापौरपदासाठी त्यांचे नाव सुचवले गेले, तेव्हा ते लाहोरच्या तुरुंगात होते. निवडणुकीसाठी त्यांची सुटका झाली आणि नगरसेवकांनी त्यांना महापौर निवडले. तोपर्यंतच्या महापौरांमध्ये ते सर्वांत तरुण होते. हे मानाचे पद जपायचे, तर ऑगस्टमध्ये गप्प बसणे सोयीचे ठरले असते. पण ज्या चले जाव लढ्याची घोषणा त्यांच्याच नावाशी जोडली जाते, त्या लढ्यात शहराचा प्रथम नागरिक पुन्हा बंदिवान झाला.

1943 साली कारावासात त्यांना हृदयविकाराचा तीव्र झटका आला. शासनाने रुग्णालयात विशेष उपचार देऊ केले. आपल्या दोन आजारी सहबंद्यांनाही तीच सोय मिळावी, असा आग्रह त्यांनी धरला. तो फेटाळला जाताच त्यांनी स्वतःची सवलतही नाकारली. प्राण धोक्यात असतानाही इतरांपेक्षा अधिक काही घेणे त्यांच्या मनाला पटले नाही. त्यानंतर प्रकृती पूर्ववत झालीच नाही. 2 जुलै 1950 रोजी, वयाची सत्तेचाळीस वर्षे पूर्ण होण्याआधीच, त्यांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या स्मरणार्थ मुंबईच्या ट्राम, बस आणि लोकल काही मिनिटे जागच्या जागी थांबल्या.

आज रायगड जिल्ह्यातील तारा येथे त्यांच्या नावाचे केंद्र ग्रामीण जनतेची सेवा करीत आहे.

वाचकहो, आपल्यापैकी कोणी मोहल्ल्याच्या समितीत असेल, कोणी ग्रामपंचायतीत, कोणी शाळेच्या मंडळावर. आपल्या वाट्याला येणारी सवलत शेजारच्या दुबळ्यालाही मिळते आहे का, एवढा एकच प्रश्न स्वतःला विचारून त्या खुर्चीवर बसावे.