जोगेंद्रनाथ मंडल : निर्वासितांच्या रांगेतला कायदेमंत्री

जोगेंद्रनाथ मंडल हे नाव आंबेडकरी समाजात एका ओळीपुरते उरले आहे. बाबासाहेबांना बंगालमधून संविधान सभेवर पाठविणारे ते मंडल, एवढे सांगून आमचे वक्ते पुढच्या मुद्द्याकडे वळतात. आमचे विरोधक हेच नाव वेगळ्या कामासाठी घेतात. पाकिस्तानचा पहिला कायदेमंत्री तीन वर्षांत राजीनामा देऊन परत आला, बघा दलित-मुस्लिम मैत्रीचे काय होते, हे सांगण्यापुरते त्यांना मंडल हवे असतात. दोन्हीकडचे मंडल १९५० सालीच संपतात. प्रत्यक्षात ते त्यानंतर १८ वर्षे जगले आणि त्या काळातला त्यांचा मोठा लढा निर्वासितांच्या पुनर्वसनाचा होता. आम्हाला आज त्या १८ वर्षांबद्दल लिहायचे आहे, कारण त्या कामाचा एक धागा थेट आपल्या महाराष्ट्रात येऊन अर्धवट लोंबकळतो आहे.

मंडलांचा जन्म २९ जानेवारी १९०४ चा. गाव पूर्व बंगालच्या बारिसाल जिल्ह्यातले मैस्तारकांदी. जात नमःशूद्र. या जातीला सरकारी कागदात पूर्वी चांडाळ लिहीत. हरिचंद आणि गुरुचंद ठाकूर यांच्या मतुआ चळवळीने समाज जागा केला आणि १९११ च्या जनगणनेत ते नाव पुसले गेले. नद्या-खाड्यांच्या त्या मुलखात भात पिकविणारी ही जमात. जमीन कसायची यांनी आणि मालकी सवर्ण जमीनदारांची. शेजारचा मुसलमान कूळही त्याच जमीनदाराच्या टाचेखाली. मंडलांचे पुढचे सगळे राजकारण या बांधाला बांध लागलेल्या दोन कुळांच्या दुःखातून निघाले, हे ध्यानात ठेवले तर त्यांच्या निर्णयांचा अर्थ लागतो.

गरिबीतून शिकत ते बारिसालच्या ब्रजमोहन कॉलेजातून पदवीधर झाले, कोलकात्यात कायद्याची पदवी घेतली आणि वकिली सुरू केली. १९३७ साली बंगाल विधानसभेच्या निवडणुकीत त्यांनी राखीव जागा सोडून सर्वसाधारण जागा लढविली. समोर काँग्रेसचा उमेदवार होता, ज्यांनी ते कॉलेज काढले त्या अश्विनीकुमार दत्तांचा पुतण्या. अपक्ष नमःशूद्र वकिलाने त्याला पाडले. १९४३ मध्ये ते प्रांताचे मंत्री झाले आणि त्याच सुमारास बंगालमध्ये शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनची शाखा उभी केली.

१९४६ साली मुंबई प्रांतातून बाबासाहेबांना संविधान सभेत जाण्याचे दार काँग्रेसने बंद केले, तेव्हा मंडल आणि बंगालच्या इतर अनुसूचित जातीच्या आमदारांनी ते दार उघडले. दबाव आला, धाकदपटशा झाला, पण मते फुटली नाहीत. पुढे बंगालची फाळणी झाली, ती जागा गेली, आणि जुलै १९४७ मध्ये बाबासाहेब मुंबईतून पुन्हा निवडून गेले. पण संविधान सभेत पहिले पाऊल पडले ते बंगालच्या नमःशूद्रांच्या आणि त्यांच्या भावंड जातींच्या मतांवर. हे ऋण आम्ही उच्चारतो खूप. ते फेडायचे असते, हे मात्र आमच्या लक्षात येत नाही.

मंडलांची चूक झाकण्याचे कारण नाही. त्यांनी बंगालच्या फाळणीला विरोध केला, सिल्हेटच्या सार्वमतात पाकिस्तानच्या बाजूने प्रचार केला, पाकिस्तानच्या संविधान सभेच्या पहिल्या बैठकीचे तात्पुरते अध्यक्षपद भूषविले आणि कराचीत कायदा व कामगार खात्याचे मंत्री झाले. बाबासाहेबांचे मत याच्या उलट होते. नोव्हेंबर १९४७ मध्ये त्यांनी जाहीर निवेदन काढून पाकिस्तानातल्या आणि निजामाच्या हैदराबाद राज्यातल्या अनुसूचित जातींना सावध केले आणि शक्य असेल त्या मार्गाने भारतात यायला सांगितले. डिसेंबरमध्ये त्यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिले. पाकिस्तान सरकार अस्पृश्यांना सफाईच्या कामासाठी अडवून ठेवते आहे आणि जे कसेबसे इकडे पोचले त्यांना छावणीत मदत आणि जमीन मिळताना डावलले जाते, हा त्या पत्राचा आशय होता. म्हणजे निर्वासितांच्या छावणीतही जात असते, हे फाळणीनंतर चार महिन्यांत लेखी सांगणारा पहिला कायदेमंत्री आपला होता.

हैदराबाद राज्याचा उल्लेख हिंगोलीच्या वाचकाला परका नाही. तेव्हा हिंगोली निजामाच्या परभणी जिल्ह्यात होती आणि पैनगंगेच्या पलीकडे वऱ्हाड. रझाकारांच्या धामधुमीत इकडची माणसे नदी उतरून तिकडे गेली. आपले बी. एस. व्यंकटराव त्या काळात निजामाच्या मंत्रिमंडळात होते. त्यांनाही वाटले होते की सवर्णांच्या राज्यापेक्षा हे बरे. पुढे १७ सप्टेंबर १९४८ आले आणि नेत्यांच्या त्या निर्णयाचा हिशेब गावोगावच्या आमच्या माणसांकडून कसा चुकता करून घेतला गेला, हे आमच्या वाडवडिलांनी हलक्या आवाजात सांगितलेले आहे. नेता चुकतो तेव्हा किंमत वस्ती मोजते. मंडलांचे वेगळेपण हे की ते किंमत मोजणाऱ्यांत जाऊन बसले.

डिसेंबर १९४९ मध्ये खुलना जिल्ह्यातल्या कालशिरा गावी नमःशूद्रांवर पोलिसी अत्याचार झाले. फेब्रुवारी १९५० मध्ये ढाका, बारिसाल आणि इतरत्र कत्तली झाल्या. मंत्री असलेले मंडल त्या भागात फिरले. त्यांनी ज्यांना इथे राहा म्हणून सांगितले होते तेच लोक घरदार सोडून निघालेले त्यांनी पाहिले. ८ एप्रिल १९५० रोजी नेहरू-लियाकत करार झाला. तो पाळला जातो का, हे त्यांनी पाहिले आणि बरोबर सहा महिन्यांनी, ८ ऑक्टोबर १९५० रोजी, कोलकात्यातून राजीनामा पाठविला. त्या लांबलचक पत्रात गावांची नावे आहेत, घटना आहेत, आकडे आहेत. वकिलाने तयार केलेल्या फिर्यादीसारखे ते पत्र आहे. त्याचा एक भाग मात्र सोयीने वगळला जातो : आपण मुस्लिम लीगबरोबर का गेलो, दोन्ही समाजांच्या गरीब शेतकऱ्यांचे हित एक कसे होते, हेही त्यांनी त्यात मांडले आहे. जुनी भूमिका त्यांनी नाकारली नाही. ज्या राज्यकर्त्यांनी ती पायदळी तुडविली त्यांच्यावर दोष ठेवला.

भारतात त्यांचे स्वागत कोणी केले? कोणीही नाही. पाकिस्तानात ते गद्दार ठरले, कोलकात्याच्या भद्रलोकांनी नावाला मुसलमानी जोड देऊन टिंगल केली, आणि सरकारी गुप्त पोलीस त्यांच्या सभांच्या नोंदी ठेवू लागले. काल मंत्री असलेला माणूस दक्षिण कोलकात्यातल्या गरीब वस्तीत राहू लागला आणि निर्वासितांत मिसळला.

आता त्या काळची पुनर्वसनाची व्यवस्था समजून घेऊ. पश्चिम पाकिस्तानातून आलेल्यांना भरपाई मिळाली. मुसलमानांनी मागे सोडलेल्या मालमत्तेतून ती देण्यासाठी १९५४ चा खास कायदा झाला. आपल्या कल्याणची लष्करी छावणी सिंधी बांधवांसाठी उल्हासनगर झाली. पूर्व बंगालच्या निर्वासितांना त्या कायद्याचा लाभ नव्हता. संयुक्त राष्ट्रांनी निर्वासितांसाठी उच्चायुक्त नेमला आणि १९५१ चा करार केला, पण त्या कराराची नजर युरोपवर होती आणि भारताने त्यावर आजतागायत सही केलेली नाही.

बंगालच्या निर्वासितांतही दोन रांगा पडल्या. शिकलेले, नातेवाईक असलेले सवर्ण कोलकात्याभोवतीच्या मोकळ्या जमिनींवर वसाहती करून बसले. सरकारने त्या पुढे नियमित केल्या. नमःशूद्र शेतकरी सियालदह स्टेशनच्या फलाटावरून ट्रकने छावणीत गेला. तिथे नाव नोंदायचे, सरहद्दीवर मिळालेली चिठ्ठी दाखवायची, तंबूचा क्रमांक घ्यायचा आणि सरकारी रोख मदतीवर जगत वाट पाहायची. वर्षानुवर्षे. मग १९५८ मध्ये दंडकारण्य विकास प्राधिकरण स्थापन झाले. कोरापूट, कालाहांडी आणि बस्तरच्या जंगलात या लोकांना नेऊन वसवायचे ठरले. जायचे नसेल तर काही महिन्यांची रक्कम एकदम घ्या आणि छावणी सोडा, असा पर्याय दिला. याला पर्याय म्हणतात! पाण्यावर वाढलेल्या, होडी आणि भातशेती जाणणाऱ्या माणसाला खडकाळ माळावर पाठवायचे, आणि ती जमीनही ज्या आदिवासींची, त्यांना विचारायचे नाही.

छावण्यांतून सत्याग्रह झाले, हजारो निर्वासितांनी अटक करून घेतली. मंडल या लढ्यातल्या प्रमुख नेत्यांपैकी एक होते. त्यांची मागणी होती की पुनर्वसन पश्चिम बंगालमध्येच व्हावे. तिथे पडीक जमीन आहे. त्यामागे एक दूरचा विचार होता. पूर्व बंगालमध्ये नमःशूद्र एका पट्ट्यात एकवटलेले होते, म्हणून त्यांचे आमदार निवडून येत, म्हणून ते बाबासाहेबांना संविधान सभेत पाठवू शकले. हाच समाज चार-पाच राज्यांच्या जंगलांत मूठ-मूठ विखुरला तर तो कुठेच बहुसंख्य राहणार नाही आणि त्याचा आवाज कायमचा बसेल. जमिनीचा तुकडा देऊन माणसाची राजकीय ताकद काढून घेणे, हे पुनर्वसन नाही, ही त्यांची तक्रार होती. ती कोणी ऐकली नाही. त्यांनी एकामागून एक निवडणुका लढविल्या आणि हरले. ज्यांच्यासाठी लढत होते ते मतदारच गाड्या भरून बाहेर नेले जात होते, मग निवडून येणार कसे? पुढे ते बंगालमध्ये रिपब्लिकन पक्षाच्या कामात उतरले. ५ ऑक्टोबर १९६८ रोजी सरहद्दीजवळच्या बनगाव इथे प्रचारासाठी गेले असताना त्यांचे निधन झाले. राजीनाम्याला १८ वर्षे व्हायला तीन दिवस कमी होते.

त्यांची भीती खरी ठरली. १९७८ मध्ये दंडकारण्याला कंटाळलेले हजारो निर्वासित परत फिरले आणि सुंदरबनातल्या मरीचझांपी बेटावर स्वतःच्या हिमतीने वसले. पूर्वी त्यांच्या बाजूने बोलणाऱ्या डाव्यांचे सरकार आता सत्तेवर होते. जानेवारी १९७९ मध्ये त्या सरकारने बेटाची नाकेबंदी केली, गोळीबार झाला आणि मे महिन्यात वस्ती जाळून लोकांना हाकलले. १९७८ च्याच ऑगस्टमध्ये आपल्या मराठवाड्यात नामांतराच्या नावाखाली दलित वस्त्या जळत होत्या आणि आमची माणसे गाव सोडून निघत होती. दोन्हीकडच्या राखेला आम्ही एकाच वर्षाची राख म्हणून कधी पाहिले नाही.

आता मूळ मुद्दा. या निर्वासितांपैकी काहींना १९६० च्या दशकात तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात वसविले गेले. आज गडचिरोली जिल्ह्याच्या चामोर्शी आणि मुलचेरा तालुक्यांत त्यांची गावे आहेत, चंद्रपूर शहरात बंगाली कॅम्प आहे. यातले बहुसंख्य नमःशूद्र. पश्चिम बंगालमध्ये ही जात अनुसूचित आहे. महाराष्ट्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत ती नाही. संविधानाच्या कलम ३४१ प्रमाणे यादी राज्यवार असते आणि एका राज्यातली अनुसूचित जात स्थलांतरानंतर दुसऱ्या राज्यात तो दर्जा आपोआप नेत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये स्पष्ट केले आहे. कायदा म्हणून ते ठीक असेल. पण ही माणसे नोकरीसाठी स्वखुशीने आली होती का? सरकारने त्यांना गाडीत बसवून आणले. गाडीत बसताना अस्पृश्य होती आणि उतरताना सवर्ण झाली, असा हा हिशेब आहे.

आम्ही हिंगोलीच्या कोर्टात वकिली करतो. जातीच्या दाखल्यासाठी आजोबांचा १९५० पूर्वीचा कागद शोधताना, निजामाच्या काळातली उर्दू नोंद वाचून घेताना, १९५४ च्या खासरा पाहणी पत्रकात एक नाव सापडावे म्हणून हेलपाटे घालताना आमच्या पक्षकारांची काय दशा होते, ते आम्ही रोज पाहतो. ही माणसे तर पिढ्यानपिढ्या इथलीच. ज्याचे गावच दुसऱ्या देशात राहिले त्याने कागद कुठून आणायचा आणि आणला तरी तो कोणत्या यादीशी ताडून पाहायचा?

आमच्यातले काही म्हणतील, आधीच आमच्या ताटात थोडे आहे, त्यात आणखी वाटेकरी कशाला? ही भीती आम्हाला समजते. तिचे उत्तर असे की लोकसंख्या वाढली तर टक्केवारी वाढवून मागता येते. आणि ज्यांनी १९४६ साली स्वतःच्या मतांचा वाटा आपल्या बापाला दिला, त्यांना ताटावरून उठविणे आंबेडकरी माणसाला शोभत नाही. यादीत बदल करण्याचा अधिकार संसदेचा आहे. त्यासाठी राज्याकडून ठाम शिफारस आणि पाठपुरावा लागतो, आणि त्यासाठी आमच्या आमदार-खासदारांचा आवाज लागतो. गडचिरोलीच्या बांधवांची ही मागणी जुनी आहे. तिच्यामागे मराठवाड्यातून किती निवेदने गेली, हे आम्ही स्वतःला विचारले तेव्हा मान खाली गेली.

येत्या ५ ऑक्टोबरला मंडलांच्या फोटोला हार घालू तेव्हा त्याच मंडपात एक निवेदन लिहू, गावातल्या प्रत्येकाची सही घेऊ आणि जिल्हाधिकाऱ्यांमार्फत सरकारला पाठवू. कायदेमंत्र्याची खुर्ची सोडून मंडल निर्वासितांच्या रांगेत उभे राहिले. ती रांग अजून पुढे सरकलेली नाही आणि तिचे शेवटचे टोक आपल्याच राज्यात आहे. जयभीम!