धारपांचे पछाडलेले वाडे

मराठीत भयकथेचा विषय निघाला की पहिले नाव येते ते नारायण धारप यांचे. २७ ऑगस्ट १९२५ रोजी जन्मलेले धारप मुंबई विद्यापीठाचे बी.एस्सी. (टेक.) पदवीधर. विज्ञानाच्या या विद्यार्थ्याने पुढे शंभराहून अधिक पुस्तके लिहिली आणि त्यांतली बरीचशी भुताखेतांना, अघोरी शक्तींना वाहिली.

धारपांचे घर ही केवळ पार्श्वभूमी नसते. ते एक पात्रच असते. ‘४४० चंदनवाडी’ या कादंबरीचे नाव तर चक्क पोस्टाचा पत्ता! कुणाला वारशाने जुना वाडा मिळतो, कुणी स्वस्तात बंगला घेतो. हिशेब, दुरुस्ती, सामानाची मांडामांड असे सगळे रोजचेच चाललेले असते आणि मग एखादी खोली अकारण गार लागू लागते. या संथपणातच धारपांची खरी हुकमत होती. मीरा रोडच्या सातव्या मजल्यावर, दिव्यांच्या लखलखाटात वाचतानाही मागे वळून पाहावेसे वाटते ते त्यामुळेच.

अशा घरांशी माणूस एकटा झुंजू शकत नाही. म्हणून अघोरी शक्तींचा प्रतिस्पर्धी असलेल्या समर्थांच्या सोबतीला अप्पा आहेत. ‘शपथ’मध्ये तर मैत्री हेच शस्त्र होते. बालपणी एकत्र आलेले सवंगडी प्रौढपणी त्याच संकटापुढे पुन्हा उभे ठाकतात. या कादंबरीचे मूळ स्टीफन किंग यांच्या ‘इट’मध्ये, ‘लुचाई’चे ‘सालेम्स लॉट’मध्ये. धारपांवरचा मुख्य आक्षेप हाच, आणि तो खोटा नाही. मात्र उसन्या सांगाड्यावर त्यांनी जे रक्तमांस चढवले ते अस्सल इथले होते. देवघर, माजघर, सोवळेओवळे, नात्यांतले दबलेले हेवेदावे हे काही किंग यांच्याकडून आलेले नाही. समीक्षकांनी त्यांना फारसे उंबऱ्याच्या आत घेतले नाही. वाचनालयांतून फिरून फिरून जीर्ण झालेल्या प्रतींचा निकाल मात्र वेगळा होता.

१८ ऑगस्ट २००८ रोजी धारपांचे निधन झाले. त्याआधीच, १९९३ मध्ये, नागझिऱ्याच्या अभयारण्यात राही अनिल बर्वे यांना एका मित्राने धारपांची एक कथा ऐकवली होती. ती भीती बर्वे यांच्या मनातून गेली नाही. तिच्यातून आकाराला आलेला ‘तुंबाड’ २०१८ मध्ये पडद्यावर आला. त्यातही एक वाडा आहेच, आणि धारपांची ‘आजी’ही.