विश्लेषण : पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या फ्लेमिंग यांनीच अँटिबायोटिकबाबत इशारा का दिला होता?

अँटिबायोटिकच्या गैरवापराबाबत जनजागृतीसाठी दरवर्षी १८ ते २४ नोव्हेंबर हा जागतिक सप्ताह पाळला जातो. वैद्यकीय आणि फार्मसीचे विद्यार्थी पोस्टर, पथनाट्यांतून सांगतात, की डॉक्टरांना विचारल्याशिवाय या गोळ्या घेऊ नका. १९४५ मध्ये हाच इशारा जगाला दिला होता तो पेनिसिलिनचे जनक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी.

कारकून ते डॉक्टर

फ्लेमिंग यांचा जन्म ६ ऑगस्ट १८८१ रोजी स्कॉटलंडमधील डार्वेलजवळच्या एका शेतकरी कुटुंबात झाला. ते सात वर्षांचे असताना वडील गेले. पुढे लंडनला येऊन त्यांनी जहाज कंपनीत चार वर्षे कारकुनी केली. एका नातेवाइकाकडून वारशात थोडे पैसे मिळाले आणि वैद्यकीय शिक्षणाचा मार्ग खुला झाला. १९०६ मध्ये सेंट मेरीज रुग्णालयातून ते डॉक्टर झाले आणि तिथेच संशोधनाला लागले. (लहानपणीच्या चर्चिल यांना फ्लेमिंगच्या वडिलांनी बुडताना वाचवले, हा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा किस्सा खोटा आहे.)

पहिल्या महायुद्धात ते फ्रान्समधील बुलोन येथे जखमी सैनिकांवर उपचार करत होते. जखमेवर ओतलेली जंतुनाशके खोलवरच्या जिवाणूंपर्यंत पोहोचतच नाहीत, उलट शरीराचे रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशीच मारतात, हे त्यांनी तिथे दाखवून दिले. औषध चुकीचे वापरले तर ते रुग्णावरच उलटते, हा धडा त्यांना पेनिसिलिनच्या दहा वर्षे आधीच मिळाला होता.

बुरशी आली कुठून?

सप्टेंबर १९२८. सुट्टीवरून परतलेल्या फ्लेमिंग यांना स्टॅफिलोकोकस जिवाणू वाढवलेल्या एका काचेच्या बशीत बुरशी दिसली. तिच्या आसपासचे जिवाणू विरघळून गेले होते. या बुरशीच्या रसाला त्यांनी पेनिसिलिन नाव दिले, १९२९ मध्ये शोधनिबंध लिहिला. मात्र रस शुद्ध करणे त्यांना जमले नाही. ते काम पुढे ऑक्सफर्डमध्ये फ्लोरी, चेन आणि हीटली यांच्या चमूने केले. हीटली यांचे नाव नोबेलच्या यादीत नाही, ही खटकणारी बाब.

१९४१ मध्ये ऑक्सफर्डमधील एका पोलिसाला हे औषध देण्यात आले. तो सुधारू लागला, पण साठा अपुरा होता. त्याच्या लघवीतून पेनिसिलिन काढून पुन्हा टोचले, तरीही ते संपले आणि तो दगावला. अवघ्या काही वर्षांत हेच औषध कारखान्यांत भरभरून तयार होऊ लागले.

नोबेलच्या भाषणात काय सांगितले?

डिसेंबर १९४५ मध्ये फ्लोरी आणि चेन यांच्यासह नोबेल स्वीकारताना फ्लेमिंग यांनी एका काल्पनिक गृहस्थाची गोष्ट सांगितली. त्याचा घसा दुखतो. तो दुकानातून पेनिसिलिन आणतो आणि जंतू मरणार नाहीत, पण औषधाला सरावतील एवढेच घेतो. मग त्याच्या पत्नीला त्याच जंतूंमुळे न्यूमोनिया होतो. पेनिसिलिन तिच्यावर चालत नाही आणि ती मरते. अपुऱ्या मात्रेत ठेवले, तर प्रयोगशाळेत जिवाणू सहज प्रतिरोधक होतात, हे फ्लेमिंग यांना ठाऊक होते.

गंमत म्हणजे उदाहरणात त्यांनी घेतलेला घशाचा स्ट्रेप्टोकोकस आजही पेनिसिलिनला दाद देतो. पण त्यांच्या बशीतला स्टॅफिलोकोकस फार काळ थांबला नाही. १९४८ पर्यंत लंडनच्या एका रुग्णालयात आढळणाऱ्या या जिवाणूंपैकी निम्म्याहून अधिक पेनिसिलिनला जुमानेनासे झाले होते. त्याआधी १९४७ मध्येच ब्रिटनने कायदा करून पेनिसिलिनची खुली विक्री रोखली होती.

फ्लेमिंग यांचे ११ मार्च १९५५ रोजी लंडनमध्ये हृदयविकाराने निधन झाले. सेंट पॉल कॅथेड्रलमध्ये त्यांच्या अस्थी आहेत. आदल्याच वर्षी पेनिसिलिन बनवण्यासाठी पुण्याजवळ पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली होती. भारतात चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या औषधांच्या पाकिटावर आता उभी लाल रेघ असते. अनेक महत्त्वाची अँटिबायोटिक्स ‘एच-१’ यादीत असून, ती विकताना मेडिकलवाल्याने डॉक्टर आणि रुग्णाचे नाव वहीत नोंदवणे २०१४ पासून बंधनकारक आहे.