नहेम्या : शपथ आणि घर

इ.स.पूर्व 586 मध्ये बाबिलच्या सैन्याने जेरुसलेम, म्हणजेच बैतुल मकदिस, उद्ध्वस्त केले आणि बनी इस्राईलची अनेक कुटुंबे बंदी करून नेली. त्याच परागंदा समाजात पुढे नहेम्या होऊन गेले. इराणचा सम्राट अर्तहशश्त याचे ते प्यालेबरदार होते. शूशनच्या राजवाड्यात त्यांना काहीच उणे नव्हते; परंतु पूर्वजांच्या शहराचा तट पडला आहे आणि वेशी जळाल्या आहेत ही वार्ता कानी येताच त्यांनी अश्रू ढाळले, उपवास धरले आणि अल्लाहपुढे हात पसरले. इ.स.पूर्व 445 मध्ये सम्राटाची अनुमती घेऊन ते तेथे गेले. शेजारच्या सत्ताधीशांचा विरोध सोसून त्यांनी अवघ्या 52 दिवसांत तट पूर्ण केला.

तट उभा राहिला, पण आतला समाज खचलेला होता. दुष्काळ आणि राजाचा कर यांमुळे गरिबांनी शेते गहाण टाकली होती, पोटची मुले दास्यात दिली होती. आणि सावकार त्यांचेच भाऊबंद होते. नहेम्यांनी धनिकांना भरसभेत जाब विचारला. शेते, मळे, घरे आणि घेतलेले व्याज परत करण्याची शपथ त्यांनी धर्मगुरूंसमक्ष घ्यायला लावली. स्वतः मात्र 12 वर्षे अधिकारपदाचा भत्ता घेतला नाही.

एज्रा, ज्यांना अनेक मुस्लिम भाष्यकार हजरत उजैर (अ.) मानतात, यांनी लोकांना तौरात वाचून दाखवली. पुढे लोकांनी शपथपूर्वक करार केला. आपल्या मुली मूर्तिपूजक शेजाऱ्यांना द्यायच्या नाहीत आणि त्यांच्या मुली करायच्या नाहीत, हे त्यातील ठळक कलम होते. करारावर पहिली मुद्रा नहेम्यांची होती.

काही काळ ते सम्राटाकडे परतले. पुन्हा आले तेव्हा शपथ मोडलेली होती. मुले अश्दोदची भाषा बोलत होती. स्वतःची भाषा त्यांना येत नव्हती. महायाजकाचा नातूही विरोधकाचा जावई झाला होता. नहेम्यांचा संयम सुटला. त्यांनी शाप दिले, काहींना मारले, केस उपटले आणि पुन्हा शपथ घ्यायला लावली. हजरत सुलैमान (अ.) यांना परक्या स्त्रियांनी पापात पाडले, असा दाखलाही त्यांनी दिल्याचे तो ग्रंथ सांगतो, दिव्य कुरआनने मात्र या पैगंबरांना कुफ्रच्या आरोपातून मुक्त केले आहे.

इस्लामनेही निकाहात श्रद्धेला अग्रक्रम दिला. येथे कसोटी वंशाची नाही. मुक्त मुश्रिक स्त्रीपेक्षा श्रद्धावंत दासी श्रेष्ठ ठरवली गेली. हिब्रू ग्रंथातही मवाबी रूथ श्रद्धेच्या बळावर हजरत दाऊद (अ.) यांची पूर्वज ठरते.

शपथ पाळावी, हे खरे. पण अल्लाहचे नाव सत्कृत्याच्या आड आणू नये. संतापाने लेकीचे तोंड न पाहण्याची शपथ घेतलेल्या पित्याने ती सोडून नाते जोडावे आणि कफ्फारा म्हणून दहा गरजूंना जेवू घालावे किंवा वस्त्रे द्यावीत. ते शक्य नसेल तर तीन रोजे ठेवावेत.

नहेम्यांच्या चरित्रातून हेच उमगते की, भरसभेत घेतलेली शपथ घरात रोज जगावी लागते. मुलांच्या लग्नाचे वय आल्यावर श्रद्धेची आठवण होणे पुरेसे नाही. ती त्यांच्या पहिल्या शब्दांपासून घरात असावी, आणि मायेने असावी. अल्लाह आपणा सर्वांना तशी सद्बुद्धी देवो. आमीन.