मातोश्री अहिल्याबाई होळकर

अहमदनगर (हल्लीचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील चौंडी या गावी, माणकोजी शिंदे पाटील यांच्या घरी, ३१ मे १७२५ रोजी अहिल्याबाईंचा जन्म झाला. सुभेदार मल्हारराव होळकरांनी ही कन्या आपले एकुलते चिरंजीव खंडेराव यांच्यासाठी सून म्हणून इंदुरास आणिली. १७४५ साली पुत्र मालेराव व १७४८ साली कन्या मुक्ताबाई अशी दोन अपत्ये त्यांना झाली. काशीविश्वेश्वर, सोमनाथ आणि गयेचे विष्णुपद येथे त्यांनी उभारलेली मंदिरे भाविकांच्या नित्य दर्शनातली आहेत. त्यांविषयी निराळे सांगणे नलगे. ज्या मातेच्या हातून ही कार्ये घडली, तिच्या घरात काय चालले होते, हे मात्र फार थोड्यांच्या स्मरणात असते.

१७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव तोफेच्या गोळ्याने पडले. अहिल्याबाई सती जावयास निघाल्या. पुत्रशोकाने विदीर्ण झालेल्या वृद्ध सासऱ्याने सुनेपुढे पदर पसरावा तशी विनवणी केली, आणि त्या मागे फिरल्या. पुढे मल्हाररावांनी त्यांच्यावर कारभाराचा भार टाकला. १७६६ साली तेही गेले.

गादीवर आलेले मालेराव स्वभावाने विक्षिप्त होते. आई ज्या ब्राह्मणांना आदराने दानधर्म करी, त्यांच्याच पादत्राणांत व वस्त्रांत हा मुलगा विंचू ठेवीत असे, असे सर जॉन माल्कम याने नमूद केले आहे. तो मराठी राज्याचा मित्र नव्हे. तथापि बाईंना पाहिलेल्या माणसांकडून त्याने ही माहिती मिळविली, आणि तिचे वर्णन करताना त्याची लेखणी नम्र झाली. मुलाच्या वागण्याने माऊली अश्रू ढाळी. पण तो आजारी पडताच त्याच्या उशाशी बसून राहिली. १७६७ साली मालेरावही निवर्तले.

दिवाण गंगाधर यशवंत यांनी दत्तकाचा आग्रह धरिला, राघोबादादा फौजेनिशी चालून आले. बाई डगमगल्या नाहीत. माधवराव पेशव्यांनी त्यांचा अधिकार मान्य केला. फौजेचे काम तुकोजी होळकरांकडे गेले. ते वयाने थोडे वडीलच. तरी बाईंना आई म्हणूनच हाक मारीत. या आईचा धाकही तसाच होता. इंदुरास एक निपुत्रिक सावकार वारला, तेव्हा जवळच तळ देऊन असलेल्या तुकोजींची दृष्टी त्याच्या द्रव्याकडे गेली. विधवा धावत महेश्वरी आली. बाईंनी तिला वस्त्रे देऊन पतीच्या सर्व मिळकतीची मालकीण ठरविले, आणि तुकोजींना तळ हलविण्याची आज्ञा धाडिली.

नर्मदातीरी महेश्वर येथे त्यांचा दिवस सूर्योदयापूर्वी सुरू होई. स्नान, पूजा, पुराणश्रवण, अन्नदान. मग साधे भोजन व अल्प विश्रांती. दुपारी दरबार भरे तो सायंकाळपर्यंत चाले, आणि रात्री दिवा लावून पुन्हा कागदपत्रे पाहिली जात. उन्हाळ्यात वाटसरूंसाठी पाणपोया, थंडीत गरिबांना वस्त्रे. शेतात नांगराला जुंपलेल्या बैलांनाही पाणी पाजण्यास त्यांची माणसे हिंडत. विणकरांना आश्रय मिळाला व महेश्वरी लुगड्याचे नाव झाले. वाटमारी करणाऱ्या भिल्लांवर आधी कठोर उपाय झाले. मग रस्त्यांच्या रखवालीबद्दल प्रवाशांकडून भिलकवडी घेण्याचा त्यांचा हक्क बाईंनी मान्य केला.

मुक्ताबाईंचा विवाह यशवंतराव फणसे यांच्याशी झाला होता. त्यांचा पुत्र नथ्याबा हाच काय तो आजीचा विसावा. तो तरुणपणीच गेला, आणि १७९१ साली यशवंतरावही गेले. मुक्ताबाईंनी सती जाण्याचा निश्चय केला. सदतीस वर्षांपूर्वी सासऱ्याने जी विनवणी केली होती, तीच आता अहिल्याबाईंनी लेकीच्या पायाशी बसून केली. लेक ऐकेना. राज्यात ज्यांची आज्ञा कोणी मोडीत नसे, त्यांचे पोटच्या मुलीपुढे काही चालले नाही. त्या घाटापर्यंत सोबत गेल्या. दोन ब्राह्मणांनी दंड धरून ठेवले असता, ज्वाळा भडकल्या तेव्हा त्यांनी हात सोडविण्याची धडपड केली, आक्रोश केला. नंतर नर्मदेत स्नान करून वाड्यात आल्या, आणि तीन दिवस त्यांनी अन्न घेतले नाही की शब्द उच्चारला नाही.

कन्येच्या स्मरणार्थ त्यांनी महेश्वरी छत्री बांधविली. दरबार, दानधर्म व रात्रीचे कागद पुन्हा सुरू झाले ते आणखी सुमारे चार वर्षे चालले. १३ ऑगस्ट १७९५ रोजी, श्रावण वद्य चतुर्दशीस, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी महेश्वरीच त्यांनी देह ठेविला.