चाळीसगावचा टांगा

(डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या जीवनात खानदेशात घडलेला एक प्रसंग या पाठात सांगितला आहे. माणूस कितीही शिकला, तरी समाज त्याला समान मानत नसेल तर काय होते, हे या प्रसंगातून कळते.)

ऑक्टोबर १९२९ मधली गोष्ट. चाळीसगावच्या रेल्वे स्टेशनवर पुष्कळ माणसे हार घेऊन उभी होती. धुळ्याच्या बाजूने गाडी आली. गाडीतून अडतीस वर्षांचे एक गृहस्थ उतरले. लोकांनी त्यांच्या गळ्यात हार घातले. हे गृहस्थ म्हणजे डॉ. भीमराव रामजी आंबेडकर. लोक त्यांना आदराने बाबासाहेब म्हणत.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. त्यांच्या जातीला त्या काळी अस्पृश्य मानत. शाळेत त्यांना वेगळे, गोणपाटावर बसावे लागे. तहान लागली, तरी नळाला हात लावण्याची मनाई होती. शिपायाने नळ सोडला, तरच पाणी मिळे. अशा स्थितीतही ते शिकत राहिले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना शिष्यवृत्ती दिली. १९१३ मध्ये ते अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात गेले. पुढे लंडनलाही शिकले. एम. ए., पीएच. डी., डी. एस्सी. अशा मोठ्या पदव्या त्यांनी मिळवल्या. ते बॅरिस्टर झाले.

पण पदव्यांमुळे भेदभाव संपला नाही. १९१७ मध्ये ते नोकरीसाठी बडोद्याला गेले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. पुढे मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात ते प्राध्यापक झाले. तिथे प्राध्यापकांसाठी पाण्याचे भांडे होते. त्यातले पाणी बाबासाहेबांनी पिऊ नये, असे काही प्राध्यापकांना वाटे. म्हणजे भेदभाव करणारे लोक अडाणीच असतात, असे नाही. शिकलेली माणसेही तो करत होती.

अस्पृश्यांवर होणाऱ्या अन्यायाची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने एक समिती नेमली होती. बाबासाहेब तिचे सभासद होते. पूर्व आणि पश्चिम खानदेश, म्हणजे नंतरचे जळगाव आणि धुळे, या दोन जिल्ह्यांचे काम त्यांच्याकडे आले. चाळीसगाव-धुळे मार्गावरच्या एका गावात सवर्णांनी अस्पृश्यांवर बहिष्कार टाकला होता. त्याची चौकशी करून ते चाळीसगावला परतले होते. रात्री वस्तीवर मुक्काम करावा, असा तिथल्या लोकांचा आग्रह होता. बाबासाहेबांनी तो मानला.

वस्ती स्टेशनपासून दोन मैलांवर, नदीच्या पलीकडे होती. स्टेशनबाहेर टांगे उभे होते. पण कोणी निघण्याचे नाव घेईना. बाबासाहेबांना काही समजेना. सुमारे तासाभराने एक टांगा आला. ते आत बसले. बाकीचे लोक जवळच्या वाटेने पायी निघाले.

टांगा थोडा पुढे गेला आणि एका मोटारीवर आदळता आदळता वाचला. पुढे नदीवर दगडी फरशीचा पूल होता. त्याला कठडे नव्हते. कडेला अंतराअंतरावर दगड तेवढे रोवलेले होते. पुलावर वळताना घोडा बिथरला. चाक दगडावर जोरात आदळले. बाबासाहेब फरशीवर फेकले गेले आणि बेशुद्ध पडले. घोडा आणि टांगा नदीत कोसळले. बायका-मुले रडू लागली. लोकांनी बाबासाहेबांना उचलून वस्तीत नेले. त्यांचा पाय मोडला होता.

असे का झाले? चौकशी केल्यावर खरी गोष्ट कळली. अस्पृश्य माणसाला टांग्यातून नेण्यास एकही टांगेवाला तयार नव्हता. आपल्या पाहुण्याने पायी चालावे, हे वस्तीतल्या लोकांना बरे वाटेना. शेवटी तडजोड झाली. मालकाने टांगा भाड्याने दिला, पण हाकायला तो आला नाही. म्हणून वस्तीतल्याच एकाने लगाम हाती घेतला. त्याने पूर्वी कधी टांगा हाकला नव्हता. पाहुण्याचा मान राखण्याच्या धडपडीत पाहुण्याचा जीवच धोक्यात आला.

टांगेवाला गरीब होता. बाबासाहेब बॅरिस्टर होते. तरीही टांगेवाला स्वतःला त्यांच्यापेक्षा श्रेष्ठ समजत होता. शिक्षण आणि पैसा यांपेक्षा जात मोठी मानली जात होती.

मग शिक्षणाचा काय उपयोग, असे बाबासाहेबांनी म्हटले नाही. सर्वांना शिक्षण मिळाले पाहिजे आणि समाजही बदलला पाहिजे, यासाठी ते झटले. १९३७ मध्ये ते एका खटल्यासाठी धुळ्याला आले. तेव्हा लळिंग किल्ल्याजवळच्या लांडोर बंगल्यात त्यांचा मुक्काम होता. त्या आठवणीसाठी तिथे ३१ जुलैला लोक जमतात. १९४६ मध्ये त्यांच्या संस्थेने मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केले. १९५० मध्ये औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, तिचे दुसरे कॉलेज निघाले. तेच पुढचे मिलिंद महाविद्यालय. बाबासाहेब संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते. २६ जानेवारी १९५० रोजी संविधान अमलात आले. त्याच्या कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे निधन झाले. कायदा झाला, कॉलेजे निघाली. पण शेजारी बसणाऱ्या मुलाला आपल्यासारखाच मानणे, हे काम कायदा एकटा करू शकत नाही. ते आपल्या सर्वांचे काम आहे.

शब्दार्थ
गोणपाट – पोत्याचे जाड कापड
बहिष्कार – वाळीत टाकणे, संबंध तोडणे
बिथरणे – घाबरून उधळणे
तडजोड – दोघांनी थोडे थोडे मागे येऊन केलेला समझोता

स्वाध्याय
१. बाबासाहेब खानदेशात कोणत्या कामासाठी आले होते?
२. स्टेशनवर त्यांना तासभर का थांबावे लागले?
३. चाळीसगावच्या लोकांची चूक झाली, असे तुम्हांला वाटते का? खरा दोष कोणाचा? पाच-सहा वाक्यांत लिहा.